करंज्या वाढल्या आहेत

एपीआय म्हणजे खिडकी. इतकं साधं आहे ते. बाहेरच्या माणसाने चिठ्ठी आत सरकवायची, आतून उत्तराची चिठ्ठी बाहेर यायची. आत कोण बसलंय, फाईल कोणत्या कपाटात आहे, साहेब जागेवर आहेत की चहाला गेलेत, याच्याशी बाहेरच्या माणसाला काही कर्तव्य नाही. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ही कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्या ईराने, म्हणजे मुलीने, पुण्याहून फोनवर मला एपीआयची व्याख्या सांगितली तेव्हा मी म्हणालो, "अगं, हे तर मी आयुष्यभर करत आलोय." पण हीच गोष्ट शेजारच्या राधाकृष्ण भाऊसाहेबांना कुंपणावरून समजावून सांगितली, तर ते दोन घरांमधल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "खिडकी पाडायची म्हणजे नगरपालिकेची परवानगी लागेल. आणि भिंत सामाईक आहे, एवढं लक्षात ठेवा."

ही खिडकी काढायची वेळ आली ती फराळामुळे. माझी पत्नी नीलांबरी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावत बसतात. हिने टाकळीच्या रंगुबाईंना भागीदार करून घेतलं आणि घरच्या घरी फराळाचा व्यवसाय काढला. दिवाळीत दोघींचे हात कोपरापर्यंत पिठात, आणि फोन मात्र सारखा वाजणार. तो उचलायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. ज्या माणसाने कालव्याला पाणी सोडायच्या आवर्तनाचे मसुदे थेट मंत्रालयापर्यंत पाठवले, त्याला सगळं श्रीरामपूर विचारू लागलं, "चकली आहे का हो? काटा नीट आलाय का? मागच्या वेळची मऊ पडली होती." एका बाईंनी तर "नीलांबरीबाईंना द्या फोन, तुम्हाला नाही कळायचं," असं सरळ तोंडावर सांगितलं. भाऊबीज होईस्तोवर मी घरचा टेलिफोन ऑपरेटर झालो होतो. नाताळला पुन्हा हेच होणार हे मला दिसत होतं, कारण आमच्या श्रीरामपुरात नाताळलाही घरोघरी करंज्या-चकल्या होतात. तेव्हा ठरवलं की हे काम आता यंत्राकडे द्यायचं.

ईरा म्हणाली, "बाबा, लोकांना नेटवर बघायला मी एक छान पान करून देते. पण काय शिल्लक आहे, काय नाही, हे त्या पानाला मागून कोणीतरी सांगायला हवं. त्याला एपीआय लागेल. मी रविवारी करून टाकते."

"तू पान कर," मी म्हणालो. "खिडकी माझी."

निवृत्तीनंतर मी पायथॉन या संगणकाच्या भाषेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला होता. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. आल्यागेल्याचं तिकडे लक्ष जावं म्हणून मी बसायच्या खुर्च्यांची दिशाही बदलली होती. ईराने मला फ्लास्क नावाची चौकट वापरायला सांगितली. हे नाव पुढे मला फार महागात पडलं. सकाळी फिरायला जाताना मी म्हणायचो, "सध्या फ्लास्कवर काम चाललंय," आणि लोक सहानुभूतीने विचारायचे, "का? काच फुटली का?"

त्यातच फ्लास्कमध्ये डेकोरेटर नावाचा एक प्रकार असतो. कामाच्या डोक्यावर ती एक ओळ लिहिली की कोणत्या पत्त्यावर आलेली चिठ्ठी कोणाकडे जायची हे ठरतं. एवढी सुंदर सोय आमच्या खात्यात असती तर निम्म्या फाईली हरवल्या नसत्या. मी कौतुकाने राधाकृष्ण भाऊसाहेबांना म्हणालो, "डेकोरेटर लावला की काम सोपं होतं बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी एक मंडपवाला टेप घेऊन आमच्या अंगणाची मापं घेताना सापडला. "भाऊसाहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "झालर लावायची का साधं?" त्याला चहा पाजून परत पाठवला. भाऊसाहेबांना वाईट वाटलं ते वाटलंच.

भाषेचा प्रश्न मात्र मी तत्त्वाचा केला. ईराचं म्हणणं, आतली सगळी नावं इंग्रजीत ठेवा, जगभर तशीच ठेवतात. मी म्हणालो, जगभर नीलांबरीच्या करंज्याही मिळत नाहीत. पायथॉनमध्ये नावं देवनागरीत देता येतात हे मी शोधून काढलं होतं. त्यामुळे माझ्या एपीआयमध्ये 'पदार्थ' आहे, 'स्थिती' आहे, 'मागणी' आहे, आणि पदार्थ सापडला नाही तर 'सदर पदार्थ या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, याची अर्जदाराने नोंद घ्यावी' असं उत्तर आहे. ईरा म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक घाबरून पळेल." मी म्हणालो, "पळू दे, पण मराठी वाचून पळेल."

पहिलं उत्तर बाहेर आलं तेव्हा मी दोघींना स्वयंपाकघरातून बोलावलं. करंजीची स्थिती विचारली, आणि पडद्यावर उलट्या तिरक्या रेघा, यू आणि आकडे यांची एक लांबलचक माळ उमटली. रंगुबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्ये काय, रेशनकार्डाचं नंबर हायेत व्हय?" वर्गात एखाद्या मुलीने पाठांतर न करता हात वर केला की नीलांबरी जशी बघायची तशी माझ्याकडे बघून आत गेली. माझ्या एपीआयला मराठी येत होतं, फक्त बोलताना तो ते सांकेतिक लिपीत बोलत होता. ईराने सांगितलेली एकच ओळ लिहिली आणि पडद्यावर स्वच्छ देवनागरीत उमटलं, 'करंजी: आहे'. मी ते पुन्हा पुन्हा विचारून बघितलं. दर वेळी त्याने न कंटाळता तेच उत्तर दिलं. पोटच्या पोराने पहिला शब्द उच्चारावा तसा आनंद मला झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या आनंदाच्या भरात मी दुवा कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. कोणाकडेच उघडेना. 'चालत नाही', 'माझ्याकडे पण नाही', 'नेट गेलंय का वॉर्ड सातमध्ये?' असे निरोप सुरू झाले. माझ्याकडे तर उत्तम चालत होतं. मी लिहिलं, 'येऊन बघा'. लोक खरोखर आले. एकेकाने माझ्या खुर्चीत बसावं, करंजीची स्थिती विचारावी, 'आहे' असं उत्तर वाचावं आणि मग ती करंजी खाऊनही बघावी. सगळे भरल्या तोंडाने 'वा वा' म्हणाले. अखेर ईराचा फोन आला. मी दिलेला पत्ता लोकलहोस्टचा होता, म्हणजे ज्याच्या त्याच्या यंत्राला स्वतःच्याच घरात शोधायला लावणारा. "बाबा, तुम्ही सगळ्या कॉलनीला 'माझं घर माझ्या घरी आहे' असा पत्ता दिलात." तोवर करंज्यांचा एक डबा रिकामा झाला होता आणि नीलांबरीने मला एपीआय तातडीने घराबाहेर काढायला सांगितला.

घराबाहेर काढणं यालाच डिप्लॉय करणं म्हणतात. त्यासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, आणि तो परदेशी कंपनीचा असल्यामुळे आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात. मोबाईलवरून ते जमेना, म्हणून बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

"सर्व्हर भाड्याने घेतोय."

"भाडेकरार आणलाय का?"

मी म्हणालो, तो दिसत नाही, तो ढगात असतो. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला फोनवरून कोणी हे करायला सांगितलंय का?" मग मला आत बसवून ऑनलाइन फसवणुकीवरचा एक माहितीपट दाखवण्यात आला. ज्याने स्वतः पूर्ण हयात खिडकीच्या आत काढली, त्याला खिडकीच्या बाहेर उभं राहून हे ऐकावं लागलं. शेवटी ईराने व्हिडिओ कॉलवर आपली ओळख पटवून दिली तेव्हा कुठे कार्ड मोकळं झालं. बाहेर राधाकृष्ण भाऊसाहेब भेटले. आता फक्त सर्टिफिकेट राहिलंय, असं मी म्हणालो. ते तहसीलजवळच्या सेतू केंद्रात मिळतं, सोबत रहिवासी दाखला आणि फोटो न्या, असं त्यांनी सांगितलं. संकेतस्थळाचं सर्टिफिकेट वेगळं असतं हे सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

सर्व्हरवर एपीआय एकटा चालत नाही, त्याच्या हाताखाली वर्कर ठेवावे लागतात. मी चार ठेवले. ही बातमी मी रात्रीच्या जेवणाला घरात सांगितली आणि सकाळपर्यंत ती भाऊसाहेबांकडे पोचली. "चार कामगार? अहो, त्यांचा पीएफ?" पण या वेळी मी मनावर घेतलं नाही. एका चांगल्या सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, आणि खिडकी जगाला उघडली. ईराच्या पानावर पदार्थांची रांग दिसली. प्रत्येकासमोर स्थिती, आणि खाली मागणी नोंदवायची कळ. पुण्यात बसलेल्या ईराने चिवड्याची मागणी नोंदवून बघितली आणि श्रीरामपुरात माझ्यासमोर ती उमटली. मी टाळी वाजवली. फोन दिवसभर गप्प होता, ते ऐकायला फार गोड वाटत होतं.

आणि मग आमोस सर आले.

आमोस सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या चर्चच्या मंडळीचे, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या कुटुंबांचे, सेक्रेटरी. "सलाम, शरदराव," म्हणत आत आले, प्रमाणपत्र वाचलं, त्याबद्दल अभिनंदन केलं, आणि नीलांबरीला म्हणाले, "बाई, आता घरोघरी दोघं नोकरीला. नाताळाच्या करंज्या करायला कोणाला सवड नाही. मंडळीतल्या घरांना तुमच्याकडून मागवायला सांगू का? फक्त नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकाच्या घरी डबा पोचला पाहिजे. सकाळी उपासनेहून माणसं घरी येतात, पाहुणे येतात. ताटात करंजी नसली तर तो नाताळ नाही."

नीलांबरीने लगेच हो म्हटलं नाही. तिने रंगुबाईंना विचारलं, दोघींनी बोटांवर हिशेब केला, आणि मग ती म्हणाली, "सर, शब्द देते. आमच्याकडे नाव नोंदवलेल्या एकाही घराचा डबा चुकणार नाही." मंडळीतल्या निम्म्या सुना तिच्या विद्यार्थिनी. एकगठ्ठा इतक्या घरांचं हे तिचं पहिलं मोठं काम होतं, आणि सर गेल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच हसत होती, ते मी बघितलं. मला तिने एक आकडा दिला. त्याच्यापुढे दोघींच्या हातांनी होणार नाही, तिथे खिडकी बंद करायची. मी तो आकडा एपीआयमध्ये घातला. तितक्या करंज्या भरल्या की स्थिती 'संपले', आणि स्थिती 'संपले' असली की पुढची मागणी घ्यायची नाही. कायदा करावा तर असा.

मागण्या भराभर आल्या. आकडा भरला. ईराच्या पानावर 'करंजी: संपले' असं आलं, ते मी अभिमानाने नीलांबरीला मोबाईलवर दाखवलं. तिचा चेहरा पडला.

"करंजी संपले?" ती म्हणाली. "मराठीच्या बाईच्या घरातून हे बाहेर गेलं? करंजी संप-ली!"

"आन् संपली बी म्हनू न्हाई," रंगुबाई चुलीपासून म्हणाल्या. "अन्नाला संपलं म्हनत्यात का कुठं? वाढलं म्हनावं. नाताळाच्या तोंडावर काय ह्ये अभद्र!"

दोघींचं बरोबर होतं. आमच्या घरात मीठसुद्धा कधी संपत नाही, ते वाढतं, आणि मग मी दुकानात जातो. मी दुपारभर बसून प्रत्येक पदार्थाला लिंग आणि वचन जोडलं. चकल्या वाढल्या, लाडू वाढले, चिवडा वाढला. जगातल्या कुठल्याच एपीआयला इतकं शुद्ध आणि सोज्वळ बोलता येत नसेल. पडद्यावर झळकलं, 'करंज्या वाढल्या आहेत'. नीलांबरी पहिल्यांदाच म्हणाली, "छान झालंय." त्या दोन शब्दांवर मी पुढचे दिवस काढले.

त्या दिवसांत मागण्या थांबायचं नावच घेईनात. मला वाटलं, लोकांना भाषा आवडली. सकाळच्या फिरण्यात मी सांगत सुटलो की प्रतिसाद अफाट आहे, आता नेवाशाहून आणि राहात्याहूनसुद्धा विचारणा आहे. मंडळीतल्या घरांची मुलं पुण्याला, नाशकाला, कोणी दुबईला. त्यांनी तिकडून आईबापांच्या नावाने डबे नोंदवले. कोणी आधी नोंदवलेलाच डबा मोठा करून घेतला. एपीआय एकदाही कोसळला नाही. चारही कामगार इमानदारीत राबत होते.

मग एका सकाळी रंगुबाईंनी विचारलं, "दादा, सारन किती करायचं? याकदाचा आकडा सांगा, म्हंजी खोबरं आनते." मी यादी उघडून आकडा वाचला. नीलांबरीच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ते घरंगळत कोपऱ्यात गेलं, पण कोणी उचललं नाही. मी आकडा पुन्हा वाचला, कारण माझाही विश्वास बसत नव्हता. दोघींनी ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे खिडकी मागण्या घेतच सुटली होती.

ईराला फोन लावला. तिने माझी ओळ अन् ओळ वाचायला लावली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पाटी बदललीत. 'संपले'चं 'वाढल्या' केलंत. पण दारावरचा शिपाई अजून 'संपले' अशीच पाटी शोधतोय. ती त्याला दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांना आत सोडतोय." एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेर माणसांनीही तेच वाचलं होतं. 'करंज्या वाढल्या आहेत' म्हणजे बाईंनी आणखी केल्या आहेत, चला मागवू या, असं समजून सगळे पुन्हा आले होते. यंत्रालाही कळलं नाही आणि माणसांनाही कळलं नाही, असा शब्द मी मोठ्या प्रेमाने मध्यभागी नेऊन ठेवला होता.

खिडकी बंद केली. नाताळ तोंडावर आलेला. राधाकृष्ण भाऊसाहेब सांत्वनाला आले आणि म्हणाले, "सर्व्हर जळाला म्हणून सांगा. सगळं माफ असतं." मला ते पटलं नाही, पण जवळपास तसंच काहीतरी मी लिहून काढलं. 'तांत्रिक कारणास्तव मर्यादेपलीकडील मागण्यांचा विचार करणे शक्य होणार नाही, तरी सहकार्य करावे.' मसुदा उत्तम उतरला होता. नीलांबरीने तो वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"मी हो म्हटलंय."

"तू नाही म्हटलंस," मी म्हणालो. "एपीआयने म्हटलं."

"खिडकी कोणाच्या घराची आहे?"

मी मसुद्याची घडी घालून तो खिशात ठेवला. रंगुबाईंनी तेवढ्यात पदर खोचला. "त्ये चार कामगार ठिवल्यात ना तुमी दादा? लई राबत्यात म्हनत हुता. बोलवा की त्यास्नी, करंज्या भराया बसवू." ते कामगार ढगात असतात आणि त्यांना हात नसतात हे मी समजावून सांगितलं. "मंग काय कामाचं?" त्या म्हणाल्या, आणि खोबरं आणायला निघून गेल्या.

आमोस सरांना तोंड दाखवायला मीच गेलो. मला त्या वेळी एपीआयची लाज वाटत नव्हती, पण नीलांबरी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत होती, ते मला बघवलं नव्हतं. सगळा प्रकार मी सांगितला. सर आ वासून ऐकत होते. "वाढल्या म्हणजे संपल्या?" ते म्हणाले. "शरदराव, आमच्याकडे संपलं की संपलं म्हणतात हो. मी स्वतः तुमची पाटी बघून आणखी एक डबा सांगितला." मग ते पोट धरून हसले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि टेबलावरची किल्ली उचलली. "मंडळीचा हॉल रिकामा आहे. बाईंना एकट्या का करायला लावता? ज्यांनी डबे मागवलेत त्यांनाच हाक मारू. आमच्या आया अशाच तर करायच्या, सगळ्या आळीने मिळून. फक्त सांगणारं कोणी हवं."

सांगणारी आमच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पोळपाट-लाटणी घेऊन बायका आल्या, त्यांच्या मागून नवरे आले, दुबईचा एक मुलगा नुकताच उतरला होता तोही आला. शाळेच्या हजेरीचा आवाज नीलांबरीने बाहेर काढला. कोण मळणार, कोण लाटणार, कोण भरणार, तिने एका दमात वाटून दिलं. कढईपाशी रंगुबाई बसल्या आणि तिथे कोणाचीही ढवळाढवळ चालणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. एका कोपऱ्यात मुलांची नाताळगीतांची तालीम चालली होती, त्या तालावर लाटणी पडत होती. राधाकृष्ण भाऊसाहेब तेल किती तापवावं यावर बोलू लागले, तेव्हा नीलांबरीने त्यांच्या हातात किसणी आणि खोबऱ्याच्या वाट्या दिल्या. त्यांनी न बोलता सगळं खोबरं किसलं, यावर आमच्या कॉलनीत अजून कोणाचा विश्वास बसत नाही.

मला भरायला बसवलं होतं. माझ्या करंज्या तेलात गेल्या की तोंड उघडत आणि सगळं सारण कढईला देऊन टाकत. रंगुबाई ओरडल्या, "ह्या कुनाच्या? यास्नी उठवा हितनं!" मग मला कातणं दिलं. कडा कापायच्या, बस. तिथे मात्र मी चमकलो. इतकी वर्षं समास सोडून लिहिलेला हात आहे. माझ्या कडेची एकही करंजी वाकडी गेली नाही, आणि शेजारी बसलेल्या आमोस सरांनी दोनदा तरी माझी करंजी उजेडात धरून बघितली.

मध्येच मी लॅपटॉप उघडून खिडकीच्या आतलं सगळं दुरुस्त केलं. शिपायाला आता पाटी वाचावी लागत नाही, तो थेट शिल्लक मोजतो. शब्द कोणताही असो, दार वेळेवर बंद होतं. ईराने ते वाचलं आणि लिहिलं, 'बाबा, हे मी माझ्या टीमला दाखवणार आहे.' मी तो निरोप हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. कढईच्या आवाजात फार कोणाला ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा वाचला.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळीच डबे निघाले. स्कूटरवर, सायकलवर, आमोस सरांच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर. प्रत्येक डबा पोचला की मी त्याच्यापुढे खूण करत होतो. शेवटच्या घरची खूण झाली तेव्हा नीलांबरी हॉलच्या पायरीवर बसली होती, केसांत पीठ, हातांना तुपाचा वास. मी तिला सांगितलं, "एकही चुकला नाही." तिने फक्त मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या शेजारी त्या पायरीवर, स्वच्छ पँटची पर्वा न करता, बसून राहिलो.

नाताळाच्या सकाळी सरांनी आम्हाला उपासनेला बोलावलं होतं. मी सूट घातला. रंगुबाई नवं लुगडं नेसून आल्या. उपासना झाली, सूचना झाल्या, आणि सरांनी जाहीर केलं की यंदा मंडळीच्या प्रत्येक घरात करंजी आहे, त्याबद्दल आभार मानायचे आहेत. मी खुर्चीत सावरून बसलो, कोट खाली ओढला. सरांनी नाव घेतलं ते नीलांबरीचं आणि रंगुबाईंचं. रंगुबाई काही उठेनात, म्हणून नीलांबरी एकटी पुढे गेली. तिने सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा दिल्या, मदतीला आलेल्यांचे आभार मानले, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"चूक आमच्या यांची होती," ती म्हणाली. लोक हसले. माझे कान तापले. "हे सगळी नोकरी सरकारी खिडकीच्या आत बसले. तिथे यांनी कोणाला चटकन हो म्हटलं असेल असं मला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने एक खिडकी केली, आणि तिला कोणाला नाही म्हणताच आलं नाही. मी माझ्यापुरता छोटा आकडा दिला होता. माझ्याच्याने किती होईल, हे मला माहीत नव्हतं. ते मला या खिडकीने सांगितलं."

टाळ्या पडल्या. त्या नक्की कोणासाठी होत्या, या चौकशीत मी पडलो नाही. मी उठून उभा राहिलो आणि चारी बाजूंना नमस्कार केला.

नीलांबरी जागेवर परत आली आणि माझी बाही ओढत हळूच म्हणाली, "अहो, बसा आता."

मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो.